मार्च-एप्रिलमधला शनिवार-रविवार: वारा, राब आणि वणवा

सुट्टीच्या दिवसांचा अंदाज बघताना नजर आधी कमाल तापमानावर जाते. वणव्यासाठी तो आकडा दुय्यम. मावळ, मुळशी, वेल्हे, भोर, जावळी या पट्ट्यात ३४ अंशांचा दिवस ३९ अंशांच्या दिवसापेक्षा वाईट निघू शकतो. बघायची ती दुपारची आर्द्रता आणि वारा. हवामान खात्याच्या आर्द्रतेच्या नोंदी सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचच्या असतात. सकाळच्या आकड्यावर विसंबू नका. दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांखाली गेली की पहाटे दवाने भिजलेलं बारीक गवतही तास-दोन तासांत कडकडीत होतं.

वाऱ्याचं मात्र नीट समजून घ्यावं लागतं. या दिवसांत सकाळचा वारा बहुधा पूर्वेकडून, जमिनीवरून येतो आणि कोरडा असतो. दुपारनंतर समुद्राकडचा वारा घाट चढून येतो. सकाळी पेटलेला वणवा पश्चिमेकडे सरकतो आणि त्याची शेपटीकडची आग वाऱ्याविरुद्ध रखडत, घोट्याएवढीच जळत असते. माणसं तिच्यासमोर बिनधास्त उभी राहतात. वारा फिरला की तीच शेपूट वणव्याचं तोंड होते. ‘मुंबईत पारा चढला, समुद्रावरचे वारे उशिरा’ अशी बातमी आली, तर पूर्वेचा कोरडा वारा जोरात आहे असं समजा. त्या दिवशी घाटातला कोरडा काळही लांबतो.

चढ हा तिसरा भिडू. दर १० अंश चढामागे आगीचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. घळ तर धुराड्यासारखी ओढते, तिच्यात उतरायचंच नाही. पळायची वेळ आली तर वर नको. उताराला आडवं पळावं, नाहीतर जळून काळ्या झालेल्या भागात शिरावं.

शनिवार-रविवारी धोका वाढतो तो माणसांमुळे. गडांवर तीन दगडांच्या चुली पेटतात, आणि शहरात कामाला असलेली पोरं घरी आलेली असल्याने बऱ्याच ठिकाणी राबही, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला तिच्यावर रचलेले शेण-पातेऱ्याचे थरही, त्याच दिवशी भाजला जातो. भाताच्या रोपासाठी राब लागतो, त्यामुळे ‘भाजूच नका’ हा सल्ला कुणी ऐकणार नाही. नीट भाजावा. खाली शेण, त्यावर टहाळ, मग गवत-पातेरा आणि वर बारीक मातीचा थर. माती पातळ पडली की पातेरा उघडा राहतो, आणि दुपारची एखादी वावटळ जळती पानं उचलून थेट रानात टाकते. राबाभोवती ८-१० फुटांचा पट्टा माती दिसेपर्यंत झाडून घ्यावा. दव सुकायच्या आत, वारा ज्या कडेला जातो तिकडून पेटवावं. आग वाऱ्याविरुद्ध सावकाश जाते, आटोक्यात राहते आणि जमीनही चांगली भाजली जाते.

गवत जाळलं की पुढच्या वर्षी जोमाने येतं, हा समज काही जात नाही. बहुवर्षायू गवत पहिल्या पावसाला मुळातून फुटतंच. जाळल्याने फक्त आच्छादन जातं आणि वळवाच्या सरीत माती वाहते. कारवीची झुडपं फुलून गेल्यानंतरचा उन्हाळा जास्त जपावा. सात-आठ वर्षांनी एकदम फुलून मेलेली कारवी उतारावर काटक्यांचा ढीग होऊन उभी असते, आणि तिची धग गवताच्या आगीपेक्षा फार मोठी असते.

जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, डोंगराच्या ऐन धारेवर नको, धार ओलांडून पलीकडे थोडी खाली घ्यावी. चढून आलेली आग माथा ओलांडताना मंदावते, तिथेच ती अडते. उतारावर आडवी रेषा काढली तर तिच्यात चर खणून खालच्या अंगाला मातीचा बांध घालावा, नाहीतर पेटलेलं लाकूड गडगडत खाली जातं आणि आग तुमच्या पाठीमागे लागते.

विझवायला ओला, पानांनी भरलेला टहाळा चांगला. तो उंचावरून आपटला की ठिणग्या उडतात. आगीवर दाबून जळलेल्या बाजूकडे ओढायचा. ब्लोअर असेल तर झोत ज्वाळेच्या बुडाशी, तिरका आणि जळलेल्या बाजूकडेच. पेट्रोल भरताना यंत्र थंड होऊ द्या आणि आगीपासून लांब जा. अंगात सुती कपडे हवेत. ट्रेकचे नायलॉनचे टीशर्ट वितळून कातडीला चिकटतात.

खरी मेहनत विझवल्यानंतरची. वाळलेलं शेण आणि पोकळ खोडं रात्रभर आतून धुमसतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्याला पुन्हा पेटतात. हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग लागते का बघा. लागली तर खोड फोडा, माती कालवा, असेल तेवढं पाणी ओता. कडेपासून आत १५-२० फुटांपर्यंत हे करावं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकाने पुन्हा फेरी मारावी.

उपग्रहाच्या इशाऱ्यावर विसंबू नका. आगीसाठी जास्त वापरला जाणारा व्हीआयआयआरएस संवेदक दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो आणि एक ठिपका ३७५ मीटरचा असतो. तीन वाजता लागून सहाला विझलेली आग त्यात दिसणारही नाही. वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करताना गाव, डोंगराचं स्थानिक नाव, आग धारेच्या कोणत्या अंगाला आहे आणि धूर कुठे झुकतोय, एवढं आधी सांगा.