डिट्टोच्या दोन टिकल्या

शटडाउनचा अकरावा दिवस होता. रात्रपाळीचा रिपोर्ट टेबलावर आला. शेजारी शेजारी बसवलेले दोन अगदी सारखे, मोटारीवर चालणारे गेट व्हॉल्व्ह खोलले होते आणि दोन्हींचे स्टेम, म्हणजे गेट वर-खाली करणारे दांडे, बदलले जाणार होते. पहिल्याच्या ओळीत नव्या स्टेमचा हीट नंबर नीट लिहिला होता. दुसऱ्याच्या ओळीत त्याच रकान्यात डिट्टोच्या दोन टिकल्या मारल्या होत्या.

हीट नंबर म्हणजे पोलादाच्या एका ओतकामाचं नाव. गिरणीतून निघालेल्या सळईवर तो पंच केलेला असतो. सळई कापायच्या आधी तो प्रत्येक तुकड्यावर उतरवून घ्यायचा, तुकडा लेथवर चढला की पुन्हा उतरवायचा, आणि सगळीकडे प्रमाणपत्राशी जुळवायचा. अणुवीज केंद्रात माझं अर्धं काम हेच. घरी सांगितलं तर आई म्हणते, ‘म्हणजे कारकुनीच की.’

स्टोअरचं पावतीपुस्तक काढलं. त्या हीटचा स्टेम एकच आला होता! इश्यू मात्र दोन झाले होते, एकाच आयटम कोडवर. दुसरा कधीतरी वेगळ्या मागणीतून आलेला, वेगळ्या हीटचा. मग त्याचं प्रमाणपत्र शोधलं. ग्रेड तोच, ए ५६४ या मानकातला ६३०, ज्याला सगळे १७-४ पीएच म्हणतात. फरक उष्णतोपचाराच्या ओळीत होता. आमच्या ड्रॉइंगला लागतो एच ११५०, म्हणजे सुमारे ६२१ अंश सेल्सिअसला धरून ठेवलेला. हा होता एच ९००, म्हणजे ४८२ अंशांचा.

कपडे बदलून, टीएलडी (किरणोत्साराचा डोस मोजणारा बिल्ला) अडकवून आत वर्कशॉपमध्ये गेले. एक व्हॉल्व्ह पहाटेच पुन्हा जोडून बंद करून झाला होता. दुसऱ्याचा स्टेम बेंचवर होता. सफाईच्या वेळी तारेचा टॅग सोडलेला, मार्करने लिहिलेला नंबर अ‍ॅसिटोनने पुसला गेलेला. टोकावर कोरलेला नंबर होता, पण कुणीतरी एमरी कागदाने कडेची धार घासून काढताना शेवटचे दोन आकडे घालवले होते. नेमके तेच दोन आकडे, ज्यांत दोन्ही हीट वेगळ्या होत्या.

‘दोन जोड हातमोजे, त्यावर रबरी,’ फोरमन काका म्हणाले. ‘पेन धरवत नाही मॅडम. पोरानं टिकल्या मारल्या. गन लावून बघा, ग्रेड तोच येईल.’

गन म्हणजे हातात धरायचं एक्स-रे यंत्र. क्रोमियम, निकेल, तांबं किती ते क्षणात सांगतं. लावली, ग्रेड तोच आला. मी म्हटलं, ‘काका, गन पीठ ओळखते. भाकरी किती भाजली ते तिला कळत नाही.’ (दाखला थोडा उलटा आहे. हे पोलाद कमी तापमानाला भाजलं की जास्त कडक होतं.)

मग हार्डनेस मोजायचं यंत्र मागवलं. कडकपणात दोन्ही वेगळे पडतात: एच ९०० रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर ४० च्या वर, एच ११५० बराच खाली. बेंचवरच्या स्टेमचे तीन आकडे आले: ३३, ३४, ३३. हा बरोबर होता. म्हणजे चुकीचा त्या बंद केलेल्या व्हॉल्व्हमध्ये गेला होता.

प्लॅनिंगवाल्यांचा फोन आला. जास्त कडक म्हणजे जास्त ताकदीचा, मग अडलं कुठे, असं विचारत होते. ताकद जास्त आहे हे खरं. पण गरम पाण्यात, ताणाखाली, हाच कडक स्टेम तडकायला सोपा. आणि स्टेम तुटला तर काय होतं ते बाहेरच्यांना पटकन कळत नाही. कंट्रोल रूममधला दिवा अ‍ॅक्च्युएटरच्या, म्हणजे वरच्या मोटार-यंत्रणेच्या, लिमिट स्विचवरून पेटतो. मोटर फिरते, वरचा तुकडा वर येतो, दिवा ‘उघडा’ दाखवतो आणि गेट खालीच बसलेलं असतं. ऑपरेटरला वाटतं पाणी चाललंय. हे सगळं मी फोनवर सांगितलं, आवाज जरा चढलाच. २०१२ साली दक्षिण कोरियात बनावट प्रमाणपत्रांचे भाग सापडल्यावर दोन अणुभट्ट्या बंद ठेवून ते बदलावे लागले होते, तेही ऐकवलं. आमच्याकडे बनावट काहीच नव्हतं. प्रमाणपत्र खरं, पोलाद खरं, फक्त या व्हॉल्व्हसाठी नव्हतं.

निर्णय झाला: पुन्हा खोला.

बोलणं सोपं होतं, पण तो व्हॉल्व्ह ज्या कोपऱ्यात आहे तिथे उभं राहणं म्हणजेच डोस घेणं. वर्षाला ३० मिलिसीव्हर्टची कायदेशीर मर्यादा आहे आणि आमचे लोक तिच्या जवळपासही जात नाहीत. पण कागदावरच्या दोन टिकल्यांपायी काका आणि त्यांची दोन पोरं त्याच कोपऱ्यात दुसऱ्यांदा जाणार होती. मी दाराशी उभी राहिले. कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

स्टेम बाहेर आला. टोकावरचा नंबर बॅटरी मारून वाचला: दुसरी हीट. हार्डनेस ४२, ४३, ४२. बदलीचा स्टेम दुसऱ्या युनिटच्या स्टोअरमधून आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. या वेळी टोकावरच्या नंबराचा फोटो जोडणीआधी काढला, आणि काकांनी तो मोठ्याने, एकेक आकडा वाचून दाखवला. पलीकडे स्वच्छ बाजूला मी लिहून घेतला, हातमोज्यांशिवाय.

बाहेर येताना काकांनी डोसीमीटर खिशातून काढून मला दाखवलं. आकडा किरकोळ होता. ‘हा पण लिहून ठेवा,’ ते म्हणाले. ‘डिट्टो नका मारू.’