शोकेस, सदरा आणि किलोभर कापूस

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी, पैठण गेट आणि निराला बाजार या भागांतून जाताना दुकानांच्या काचांकडे न पाहता पुढे जाणे जवळजवळ अशक्य असते. पुतळ्यांच्या अंगावर नवे कपडे चढलेले असतात, सवलतीच्या पाट्या झळकत असतात, आणि नेमक्या याच दिवसांत सोयाबीन किंवा पहिल्या वेचणीचा कापूस विकून हातात पैसे आलेली कुटुंबे खेड्यांतून शहरात खरेदीला येतात. दुकानाच्या दर्शनी काचेमागे मांडणशिल्प, म्हणजे वस्तूंच्या मांडणीतून घडवलेली कलाकृती, उभारून खरेदीच्या संस्कृतीला प्रश्न विचारणाऱ्या कलावंतांविषयी मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा त्यांचे काम या बाजारपेठेत कसे दिसेल, हाच विचार माझ्या मनात प्रथम येतो.

कलादालनात शिरणारा माणूस कला पाहण्याची तयारी करूनच येतो, पण शोकेससमोर थांबणारा माणूस वस्तू पाहायला थांबतो आणि त्याला हवेसे वाटणे सुरू झाल्यानंतरच आपण काही वेगळेच पाहत आहोत, हे त्याच्या लक्षात येते. या माध्यमाची सारी ताकद त्या क्षणात आहे. १९६१ मध्ये अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी न्यूयॉर्कच्या बॉनविट टेलर या दुकानाच्या काचेत पुतळ्यांमागे आपली चित्रे लावली होती, पण तिथे चित्रे विक्रीच्याच सेवेत होती. क्रिस्टो या कलावंताने त्याच दशकात दुकानांचे दर्शनी भाग जसेच्या तसे उभारले आणि त्यांच्या काचा आतून कापडाने व कागदाने झाकून टाकल्या. पाहायला आत काहीच उरत नाही, तरी पाहण्याची ओढ कायम राहते. या प्रकारच्या कामांत मला हे सर्वांत कठोर आणि सर्वांत प्रामाणिक वाटते.

सर्वांत गाजलेले उदाहरण मात्र अमेरिकेतील टेक्सासच्या ओसाड माळावरचे आहे. एल्मग्रीन आणि ड्रॅगसेट या कलावंतद्वयाने २००५ मध्ये व्हॅलेंटाइन या छोट्या गावाजवळ, महामार्गाच्या कडेला ‘प्राडा मार्फा’ उभारले. हे प्राडा या महागड्या फॅशन कंपनीचे दुकान दिसते, पण त्याचे दार उघडत नाही. काचेआड कंपनीच्या त्या वर्षीच्या खऱ्या पर्स आणि बूट मांडले होते. डागडुजी न करता वास्तू हळूहळू मातीत मिळू द्यावी, अशी मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात काही दिवसांतच तिथे चोरी झाली, आणि त्यानंतर बूड नसलेल्या पर्स ठेवण्यात आल्या. पुढे तिथे छायाचित्रे काढून घेणाऱ्यांची रीघ लागली, आणि २०१३ मध्ये तर महामार्गाच्या अधिकाऱ्यांनी ही बेकायदा जाहिरात ठरते, असा आक्षेप घेतला. पुढच्या वर्षी त्या वास्तूला संग्रहालय मानून तो प्रश्न मिटवला गेला, परंतु अधिकाऱ्यांचा आक्षेप कलेच्या दृष्टीनेही दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता असे मला वाटते, कारण कंपनीचे नाव आणि तिचा माल जसाच्या तसा मांडला की टीका आणि जाहिरात यांतील अंतर फारच थोडे उरते.

बँक्सी या ओळख लपवून काम करणाऱ्या ब्रिटिश कलावंताने २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण लंडनमधील क्रॉयडन येथे गालिच्यांच्या एका बंद पडलेल्या दुकानात केलेली मांडणी मला याहून अधिक भिडते. तेही दुकान कधी उघडले नाही. रात्रंदिवस लोक काचेतूनच पाहत राहिले. आतील वस्तूंमध्ये पाहुण्यांचे स्वागत करणारे एक पायपुसणे होते, आणि त्यावरची अक्षरे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर टाकून दिलेल्या जीवरक्षक जाकिटांच्या कापडातून ग्रीसमधील छावण्यांत राहणाऱ्या निर्वासित स्त्रियांनी शिवली होती. वस्तू कोणाच्या हातून आली, हे तिथे वस्तूच सांगत होती.

आपल्याकडे अशी कामे करायची झाली तर तीही याच अंगाने व्हावीत, असे माझे ठाम मत आहे. ग्राहकाच्या हव्यासाला बोल लावणारे मांडणशिल्प ज्या समाजात कपाटे भरून वाहतात तिथे शोभेल, पण वर्षातून एकदा लेकीला मनाजोगता ड्रेस घेऊन देण्यासाठी परभणी जिल्ह्यातील मानवत किंवा सेलूकडून आलेल्या बापासमोर ते उभे करणे मला अन्यायाचे वाटते. त्याची खरेदी हा हव्यास नव्हे. शिवाय त्या काचेआडचा सुती कपडा ज्या कापसाचा आहे, तो कदाचित त्याच्याच शेतासारख्या शेतातून गेलेला असतो.

हिशेब साधा आहे. एक क्विंटल कापसातून सरकी वेगळी केल्यावर साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई मिळते. सुती सदऱ्याचे वजन पाव किलोच्या आसपास असते. सूतकताईतील आणि बेतण्यातील घट धरून एका सदऱ्यासाठी किलोभर कापूस लागतो असे मानले, तरी २०२५-२६ च्या हंगामातील लांब धाग्याच्या कापसाच्या क्विंटलला ८११० रुपये या हमीभावाने त्या कापसाचे जेमतेम ८१ रुपये होतात. सदऱ्यावरची चिठ्ठी मात्र हजार-दीड हजारांची असते. मधल्या रकमेत जिनिंग, सूतगिरणी, विणकाम, शिलाई, वाहतूक, दुकानाचे भाडे आणि जाहिरात असते, हे मान्यच आहे. त्यांतील अनेकांचे श्रम खरे आहेत. तरीही हे दोन आकडे एकाच काचेमागे शेजारी शेजारी कधीच दिसत नाहीत.

म्हणून मला असे काम पाहायचे आहे की ज्यात नेहमीच्या पुतळ्याच्या अंगावर नेहमीचा सदरा असेल आणि त्याच्या पायाशी किलोभर कापूस असेल. सरकीसह, वेचताना चिकटलेल्या पालापाचोळ्यासह. जुन्या बाजारपेठांत शटर कायमची खाली आलेली दुकाने आहेत आणि त्यांच्या काचा मोकळ्याच आहेत, त्यामुळे धंदा करणाऱ्या कोणाची जागा अडवण्याचे कारण नाही. मुंबईचे चित्रकार अतुल दोडिया यांनी दुकानाच्या लोखंडी शटरवरच चित्रे काढून हे माध्यम आपल्या रस्त्याचेही आहे, हे कधीच दाखवून दिले आहे. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना अशी एक काच हंगामापुरती मिळावी. सदऱ्याची किंमत छापील असावी, पण कापसाची किंमत पाटीवर खडूने लिहावी आणि ती हमीभावाची नसावी. त्या दिवशी बाजार समितीत शेतकऱ्याला प्रत्यक्ष मिळालेला दर तिथे रोज सकाळी पुसून नव्याने लिहिला जावा.