घोडी लंगडत होती, म्हणून बाईंनी मालिश केली नाही

इंग्लंडातल्या न्यूमार्केट या घोड्यांच्या शर्यतींच्या गावाजवळ राहायचं म्हणजे घोड्यांचे लाड रोज पाहायचे. इथल्या काही सिग्नलना रस्ता ओलांडायचं एक बटण उंचावर बसवलेलं असतं, घोड्यावर बसलेल्या माणसाच्या हाताला येईल असं. घोड्याच्या बाजूने गाडी पुढे न्यायची तर वेग ताशी 10 मैलांच्या आत आणि मध्ये निदान 2 मीटर अंतर, असं 2022 पासून वाहतुकीच्या नियमपुस्तकातच लिहिलंय. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मी ज्या तबेल्यात लीद काढायला आणि खरारा करायला जाते, तिथे घोड्यांना मालिश करणाऱ्या बाई येतात, याचंही मला नवल राहिलं नव्हतं. या वेळी मात्र त्या आल्या आणि मालिश न करताच परत गेल्या. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

तांबड्या रंगाची, वयाने उतरलेली घोडी. मालकीणबाईंचं म्हणणं, उजवा खांदा आखडलाय, तेवढा मोकळा करून द्या. बाईंनी आधी घोडीला कडक जमिनीवर सरळ चालवायला लावलं, मग दुडक्या चालीने पळवायला. उजवा पुढचा पाय टेकला की तिचं डोकं किंचित वर जायचं आणि डावा टेकला की खाली. दुखऱ्या पायावर भार पडू नये म्हणून घोडं असं करतं. बाईंनी पायावरून हात खाली नेला, खुराशी थांबल्या, दुसऱ्या खुराला हात लावून पाहिला. उजव्या पायाचा खूरच गरम लागत होता. मग सरळ सांगितलं, आधी पशुवैद्याला बोलवा, तोवर मी हिला मालिश करणार नाही.

मालकीणबाई चांगल्याच वैतागल्या. दुसऱ्या दिवशी पशुवैद्याने खुराचा तळ थोडा तासला आणि आतून पू आला. खांदा आखडला होता तो घोडी पाय वाचवत चालत होती म्हणून. वरून कितीही चोळलं असतं, तरी दुखणं खाली तसंच राहिलं असतं.

या नकारामागे कायदा आहे. 1966 च्या कायद्याने इथे प्राण्याच्या आजाराचं निदान आणि उपचार नोंदणीकृत पशुवैद्याकडे दिलेत. प्राण्यांच्या फिजिओथेरपीला 2015 च्या आदेशाने मुभा आहे, पण पशुवैद्याने प्राणी तपासलेला असला पाहिजे आणि त्याच्या सांगण्यावरूनच ते व्हायला हवं. धडधाकट घोड्याचं अंग मोकळं राहावं म्हणून केलेली मालिश यात येत नाही. आता, इंग्लंडात सगळं आखीवरेखीव असतं असं मात्र समजू नका. ‘प्राण्यांचा फिजिओथेरपिस्ट’ अशी पाटी इथेही कोणी लावली तर कायदा त्याला अडवत नाही. म्हणूनच स्वतःहून थांबणाऱ्या त्या बाईंचं मला जास्त कौतुक वाटलं. मालिश केली असती तर पैसे मिळाले असते, आणि मालकीणही खूश झाली असती.

‘होलिस्टिक’ म्हणजे सर्वांगीण, या शब्दाचा मला इथे राग येऊ लागला होता. मालिश केल्याने घोड्याच्या अंगातली विषद्रव्यं निघून जातात, असं छापलेली पत्रकं तबेल्याच्या फळ्यावर लागतात. ते काम यकृताचं आणि मूत्रपिंडांचं आहे, चोळून होणारं नाही. पण या बाई सर्वांगीण म्हणतात त्याचा अर्थ प्रश्न विचारणं. खोगीर शेवटचं कधी तपासलं? अंग भरलं किंवा उतरलं की तेच खोगीर रुतायला लागतं. दात कधी पाहिले? घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत राहतात, कडा धारदार होऊन गाल सोलवटतात आणि मग जबडा, मान सगळं ताठतं. नालबंद कधी येऊन गेला? दिवसातून किती वेळ मोकळं सोडता? या प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावरच मालिश.

खूर बरा झाल्यावर, पशुवैद्याच्या होकाराने, ती झालीच. मी म्होरकीची दोरी धरून उभी होते. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे दोन्ही पाय धडाला सांध्याने जोडलेले नसतात, स्नायूंच्या झोळीत छाती टांगलेली असते, आणि उभ्या घोड्याचं साधारण 60 टक्के वजन याच दोन पायांवर असतं. हे समजलं की एवढा वेळ खांद्यावर का द्यायचा हे कळतं. सुरुवात मात्र त्यांनी खांद्यापासून केली नाही. आयाळीच्या मुळाशी, खोगिराच्या पुढे पाठीला जो उंचवटा असतो त्यावर नुसता तळहात ठेवला. घोडे एकमेकांना खाजवतात ती हीच जागा. फ्रान्समधल्या कामार्गच्या घोड्यांवर 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावलेले आढळले होते. मग हळूहळू खांद्याच्या पात्यामागे, छातीच्या बाजूने, पाठीच्या लांब स्नायूवरून. अंगावर बसलेली माशी जिला कळते, तिला जोर कशाला लागतो? एका ठिकाणी घोडीने कान मागे पाडले, तर बाईंनी हात उचलला आणि वाट पाहिली. थोड्या वेळाने तिने मान खाली सोडली, ओठ चाटले, मोठी जांभई दिली. पुन्हा तिथेच हात, पण आता हलका.

मामांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, “इथे माणसाला मालिश मिळेना, आणि तू घोड्यांचं काय सांगतेस?” मला ते लागलं. घोडं पाठीवर माणूस वाहतं, आणि दुखतंय हे तोंडाने सांगू शकत नाही. त्याच्यासाठी कोणी एवढं केलं तर तो चोचला नव्हे. आणि आपल्याला हे नवीन आहे असंही नाही. घोड्यांच्या वैद्यकाचा जुना आचार्य म्हणून शालिहोत्राचं नाव आपणच सांगतो, भीमथडीच्या तट्टांवर मराठ्यांनी कुठवर मजल मारली तेही आपणच सांगतो. खरारा झाल्यावर हाताने अंग रगडणारा आपला मोतद्दार हातांच्या जाणिवेत या बाईंपेक्षा तसूभरही कमी नाही. कायदाही आपल्याकडे आहे, 1984 चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा. हात आहेत, कायदा आहे, पण हाक मारली की येणारा पशुवैद्य किती ठिकाणी आहे? तो तीन गावं पलीकडे असेल, तर मोतद्दार रगडेल नाही तर काय करेल? त्याला मी दोष देणार नाही, इथल्या मैत्रिणींनी दिला तर मी भांडते.

मामेभावाकडे दोन घोड्या आहेत. त्याला मी व्हिडिओ पाठवायला सांगितलंय: कडक जमीन, दोर सैल, सरळ रेषेत, आधी चाल आणि मग दुडकी, एकदा समोरून, एकदा मागून. ताप 38.5 अंशांच्या वर असेल, खूर गरम लागत असेल किंवा डोकं वरखाली होत असेल, तर तेल बाजूला ठेव आणि तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लाव. मोतद्दारालाही शेजारी उभं कर, म्हणजे कुठे बघायचं ते त्याला मी फोनवरच दाखवेन.