झड लागली

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला आणि आठवीतला इंग्रजीचा एक तास डोळ्यांपुढे उभा राहिला.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. आठवीपर्यंत क्रियापदं पाठ झालेली, पण ‘सेट’च्या मागे ‘इन’, ‘आउट’, ‘अबाउट’ आलं की वर्ग गप्प. तो श्रावण होता. तीन दिवस पाऊस हटला नव्हता आणि नाशिकला गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं, याखेरीज गावात दुसरा विषय नव्हता. बाई आल्या, ओली छत्री कोपऱ्यात टेकवली आणि फळ्यावर लिहिलं, ‘द रेन हॅज सेट इन.’

“पाऊस सुरू झाला,” पहिल्या बाकावरून उत्तर आलं.

“तो तर परवाच सुरू झाला. आज तुमची आजी काय म्हणते?”

मी मागून म्हणालो, “झड लागली.”

बाईंनी ते दोन शब्द इंग्रजी वाक्याखाली लिहिले. माझं उत्तर फळ्यावर गेलं ते पहिल्यांदाच.

मग त्यांनी उलगडून सांगितलं. आलेलं लवकर हटायचं नाही, अशी सुरुवात म्हणजे ‘सेट इन’. बहुतेकदा नकोशा गोष्टीची: कडाक्याची थंडी, घबराट, जखमेतला संसर्ग. माणूस प्रवासाला निघाला तर ‘सेट आउट’, कामाला लागला तर ‘सेट अबाउट’. ‘सेट इन’ला कर्म चालत नाही, ‘वी सेट इन द वर्क’ या माझ्या वाक्यावर लाल रेघ आली. भूतकाळातही ‘सेट’च. हे नियम कोणीही सांगेल. पण कीड लागते, उतरती कळा लागते, झड लागते, हे आपलं घरचं ‘लागणं’ शेजारी ठेवायचं बाईंना सुचलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आज निफाडला आमची द्राक्षबाग आहे. एका वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला आणि वेलींवर डाऊनी, म्हणजे पानांवरचा बुरशीसारखा रोग, आली. परदेशातल्या खरेदीदाराला मेल करताना मुलाने ‘स्टार्टेड’ लिहिलं. मी ते खोडून ‘हॅज सेट इन’ करायला सांगितलं.

“बाबा, फरक काय पडतो?”

त्याला बागेत नेलं. पानावर वरून तेलकट पिवळा डाग होता. पान उलटं केलं, तर खाली पांढरी बुरशी.

“हे एका फवारणीत जायचं नाही,” मी म्हणालो.