नॉक घट्ट बसला म्हणजे नीट बसला असं नाही

मागच्या महिन्यात तीन आठवडे माझे बाण 20 मीटरवर कधी वर, कधी खाली जात होते आणि मी रोज रिलीजवरच मेहनत घेत होते, बोटं एकसारखी सुटत नाहीयेत असंच वाटत होतं. बदल एकच झाला होता, दोरी. नवीन 14 पदरी डॅक्रॉनची. तिच्या मधल्या भागावर, म्हणजे बाण लावतो तिथे, जो धागा गुंडाळलेला असतो ना (सर्व्हिंग), तो जुन्यापेक्षा जाड होता. बाण तेच, लाकडी, मागे चिकटवलेले प्लास्टिकचे नॉक (दोरी अडकवायची खाच असलेली टोकं). लावताना कट्ट असा आवाज यायचा आणि मला उलट बरं वाटायचं, चला, पक्का बसला!

शेवटी क्लबमधल्या एका काकांनी धनुष्य हातात घेतलं, आडवं धरलं, दोरी जमिनीला समांतर, आणि बाण दोरीला नुसता लटकवला. मग नॉकपासून दोन बोटं सोडून दोरीवर टिचकी मारली. बाण हललाच नाही. जोरात मारली तरी नाही. खरं तर बाण स्वतःच्या वजनाने लटकून राहायला हवा आणि हलक्या टिचकीने सुटून पडायला हवा. टिचकी न मारताच पडला तर सैल.

घट्ट असला की होतं काय, बाण सुटायच्या क्षणी नॉक दोरीला धरून ठेवतो, बाणाचं मागचं टोक ओढलं जातं, आणि ही पकड बारा बाणांत बारा तऱ्हेची असते, मग ग्रुप (बाण एकमेकांजवळ लागणं) कुठून येणार? सैल तर त्याहून वाईट. एका दादाचा बाण पूर्ण खेचलेला असताना दोरीवरून निसटला, दचकून बोटं सुटली आणि रिकाम्या सुटलेल्या धनुष्याच्या वरच्या लिम्बला (वाकणाऱ्या भागाला) तडा गेला, कारण बाणात जायची ताकद सगळी लाकडातच राहते.

नॉक गरम पाण्यात काही सेकंद बुडवून त्याचे कान (खाचेच्या दोन बाजू) दाबून किंवा फाकवून घ्यायची युक्ती बरेच जण सांगतात. होतं तसं, पण प्रत्येक नॉक वेगळा होतो, त्यामुळे मला ते पटत नाही. पॉलिश पेपरने आतून घासणं तर नकोच, कान पातळ होतात. दोरी एक आहे आणि बाण बारा, मग दोरीच बदला की.

मी सर्व्हिंग उसवलं आणि 0.024 इंचाच्या धाग्याऐवजी 0.021 चा गुंडाळला. फरक 0.003 चा, पण दोरीच्या दोन्ही बाजूंनी येतो म्हणून जाडी 0.006 इंचाने उतरते, म्हणजे साधारण 0.15 मिमी. एवढ्यात सगळं बदललं! उलट नॉक सैल होत असेल तर सर्व्हिंगच्या खाली डेंटल फ्लॉसचा एक थर द्या, छान भरतं.

आणि हो, नॉकिंग पॉइंट (दोरीवर नॉकची जागा ठरवणारी खूण) वर-खाली दोन्हीकडे बांधत असाल तर मधे नॉकला किंचित मोकळीक ठेवा, कारण खेचल्यावर दोरीचा कोन होतो आणि नॉक चिमटला जातो, आखूड धनुष्यात तर फारच.

काल परत सगळे बाण लटकवून बघितले. अकरा एका टिचकीत पडले. बारावा अजून अडतोय, त्याचा नॉक रविवारी कापून नवीन चिकटवणार आहे.