तुम्ही विचारलंत म्हणून: रिकाम्या बाटलीबद्दल

शोकेसमध्ये नातवाचे कप आहेत, लग्नातला चांदीचा गणपती आहे. पण आलेल्या माणसाचं बोट हमखास जातं ते तपकिरी काचेच्या बाटलीकडे. ‘काका, रिकामी बाटली कशाला जपून ठेवलीय?’

मी औषधाच्या दुकानात आयुष्य काढलं. बाटली तिथलीच. लेबल झुरळांनी कुरतडलंय, ‘सर्पासिल’ एवढं वाचता येतं. आत कापसाचा बोळा अजून आहे.

नावातला सर्प म्हणजे सर्पगंधा ही औषधी वनस्पती. बिहारात तिच्या मुळाला ‘पागल की दवा’च म्हणायचे. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि रक्तदाबावर मुळाची पूड देऊन आलेले अनुभव छापले. १९४९ मध्ये आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी रक्तदाबाबद्दल ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं, तेव्हा कुठे जग जागं झालं. १९५२ मध्ये सिबा या औषध कंपनीने स्वित्झर्लंडमध्ये मुळातलं गुणकारी द्रव्य, रेसर्पिन, वेगळं काढलं. सर्पासिल ही त्याचीच गोळी. दोन वर्षांत अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत ते जाऊन पोचलं.

इथे कुणीतरी म्हणतंच, ‘म्हणजे आपलं औषध त्यांनी पळवलं!’ मला तसं वाटत नाही. मुळाच्या पुडीत औषध किती, हे दर मुळागणिक बदलतं. पाव मिलिग्रॅमची, रोज सारखीच गोळी ही वेगळी करामत आहे.

गोळीचा दुसरा चेहरा मात्र मी काउंटरवर पाहिला. आमच्याकडे ती रक्तदाबासाठीच जायची. एक निवृत्त मास्तर दर महिन्याला यायचे. आधी गप्पिष्ट, मग चिठ्ठी पुढे करून नुसते उभे. ‘दाब उतरला हो, पण सकाळी उठावंसंच वाटत नाही.’ रेसर्पिन मेंदूतले डोपामीन, सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनांचे साठे रिकामे करतं. स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये ते दिलेले ससे अगदी ढिम्म बसलेले दाखवले. ज्यापासून शरीरात डोपामीन बनतं ते एल-डोपा टोचल्यावर ते पुन्हा हिंडू लागले. त्यातून पार्किन्सनच्या औषधाची वाट निघाली. मास्तरांच्या वेळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, ‘डॉक्टरांना सांगा.’ एवढं सुचलं, हेच नशीब.

डॉक्टरांनी गोळी बदलली. त्याआधी मास्तरांना मोजून दिलेल्या शेवटच्या तीस गोळ्या या बाटलीतल्या. त्यानंतर ती पुन्हा मागवली नाही.