मार्जिनची फाइल आणि अहमदाबादचे प्रोफेसर

जयंत वर्मा हे नाव आमच्या ऑफिसात कुणी ऐकलंही नव्हतं, पण आमची रोजची संध्याकाळ त्यांच्याच सूत्रावर चालायची. पुण्यात टिळक रोडवर एका ब्रोकरचं बॅक ऑफिस मी सांभाळायचे. साडेतीनला बाजार बंद झाला की एक्स्चेंजची फाइल यायची, क्लायंटवार मार्जिन, म्हणजे संभाव्य तोट्यापोटी आगाऊ ठेवायची रक्कम, निघायचं आणि मी फोन फिरवायला बसायचे. "काका, उद्या सकाळी चेक पाठवा, नाहीतर पोझिशन कापावी लागेल." पलीकडून ठरलेलं उत्तर, "अगं, बदल्याच्या काळात असं कुणी विचारलं नव्हतं आम्हाला!" बदला म्हणजे सौद्याचा हिशोब पुढच्या खेपेला ढकलायची जुनी पद्धत.

वर्मा आयआयएम अहमदाबादचे. शिक्षण तिथलंच, फायनान्सची प्राध्यापकीही तिथेच, पुढे डीनही झाले. मध्ये वर्षभर शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीचे पूर्णवेळ सदस्य होते, मग परत वर्गात. इंडेक्स फ्युचर्स, म्हणजे शेअर निर्देशांकावरचे पुढच्या तारखेचे सौदे, सुरू करायचे तर मार्जिन किती घ्यायचं, हे ठरवायला सेबीने १९९८ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला. दिवसाचा तोटा मार्जिनमध्ये मावेल याच्या ९९ टक्के खात्रीला पुस्तकी हिशोबाने प्रमाण विचलनाच्या, म्हणजे चढउताराच्या मापाच्या, २.३३ पट पुरतं. गटाने ३ पट धरलं, कारण मोठे झटके पुस्तकात लिहिलेत त्याहून जास्त वेळा बसतात. शिवाय चढउतार रोज नव्याने मोजायचा. जुन्या अंदाजाला वजन ०.९४, आजच्या हालचालीच्या वर्गाला (तिला तिनेच गुणून येणाऱ्या आकड्याला) ०.०६.

हे ०.०६ दिसायला किरकोळ, पण हालचाल मोठी असली की तिचा वर्ग फारच मोठा होतो. १७ मे २००४, सोमवार. निवडणुकीच्या निकालानंतर बाजार असा कोसळला की व्यवहार दोनदा थांबवावे लागले. त्या रात्रीच्या फाइलमध्ये मार्जिनचे आकडे एकदम फुगलेले. खाली तोटा, वर मार्जिन वाढलेलं. काकांनी फोनवर माझा उद्धारच केला. पण दुसऱ्या दिवशी चेक आला.

रिटायर झाल्यावर मला रिझर्व्ह बँकेच्या, व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीची इतिवृत्तं वाचायचा नाद लागला. घरचे हसतात, हसू देत. २०२० ते २०२४ वर्मा त्या समितीवर होते. ऑगस्ट २०२१ मध्ये 'अ‍ॅकोमोडेटिव्ह' (व्याजदर कमी ठेवून अर्थव्यवस्थेला आधार देण्याच्या) धोरणाच्या बाजूने पाच मतं आणि विरोधात एकटे वर्मा. साथीने खचलेल्या मोजक्या क्षेत्रांना आधार द्यायचा तर ते काम सरकारी तिजोरीचं, असा त्यांचा मुद्दा. महागाईचं काय, हा प्रश्न होताच. मग फेब्रुवारी २०२४. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, ६.५ टक्के, आणि हेच गृहस्थ पाव टक्का कमी करा म्हणतात! पुन्हा एकटेच. महागाई वजा जाता उरणारा व्याजदर गरजेपेक्षा जास्त झालाय, असा आता हिशोब.

काही लोकांना ही कोलांटउडी वाटली. मला नाही वाटली. आकडे बदलले की मार्जिन बदलतं, ते रोज संध्याकाळी बघितलेल्या बाईला यात नवल कसलं? मला आवडलं ते हे, की एकटं मत देऊन गप्प न बसता का दिलं ते दर वेळी सविस्तर लिहिलं, तेही सोप्या भाषेत.

त्यांची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली. कपात झाली फेब्रुवारी २०२५ मध्ये, रेपो ६.२५ वर आला. त्यांचं गणित मला पटतं, पण एफडीच्या व्याजावर घर चालवणाऱ्या मला ६.५ च बरे होते.